सिंहगड पायी आणि सायकलने: चढायची काळजी कमी, उतरायची जास्त

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३८, वजन ८२ किलो, घर कोथरूडला, काम दिवसभर खुर्चीतलं. दोन महिन्यांपूर्वी हायब्रिड सायकल घेतलीत, टेकडीवर अधूनमधून जाता. दिवाळीनंतर सिंहगड एकदा पायी आणि एकदा सायकलने करायचा बेत आहे. मेहुण्यांचं म्हणणं, वेगवेगळं कशाला, सायकलने पायथ्याला जाऊ, पायी गडावर जाऊ आणि तसेच घरी येऊ. किती वेळ लागेल, सायकलचे गिअर पुरतील का, कधी जावं, हे तुम्ही विचारलंत आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, लिहिलंत की मागच्या वर्षी गड उतरताना उजवा गुडघा दुखला होता.

मी त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तोच आहे. पंचवीसेक वर्षं मी जवळजवळ दर आठवड्याला हा गड चढतोय, कधी पायी, कधी सायकलवर. एवढ्या वर्षांत चढताना पडलेला माणूस मी क्वचितच पाहिला. चढताना माणूस दमतो, बसतो, सरबत पितो, फार तर परत फिरतो. पाय मुरगळतात ते उतरताना, सायकली घसरतात त्या उतरताना. आणि तरी सगळी तयारी, सगळ्या गप्पा, मोबाइलमधली सगळी वेळ-नोंद असते ती चढण्याची. तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कडा चढून गेले आणि सूर्याजींनी मागचे दोर कापून टाकले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. त्यांना त्या रात्री उतरायचं नव्हतं. आपल्याला दुपारच्या जेवणाला घरी यायचं असतं.

आधी पायवाट.

आतकरवाडीला, म्हणजे जिथे पीएमपीची सिंहगड पायथ्याची बस थांबते तिथून, नेहमीची वाट सुरू होते. गडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,३१२ मीटर. पायथ्यापासून पुणे दरवाजापर्यंत वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास भरते आणि तेवढ्यात तुम्ही जवळपास ६०० मीटर वर जाता. तीन मीटरचा एक मजला धरला तर दोनशे मजले झाले. वेताळ टेकडीवर रोज जाणारी माणसंसुद्धा इथे पहिल्या अर्ध्या तासात गप्प होतात ती यामुळेच. नियमित चालणाऱ्याला सव्वा ते दीड तास लागतो. तुम्ही पहिल्या वेळेला पावणेदोन तास धरा. पस्तीस-चाळीस मिनिटांत वर जाणारे लोक आहेत, रोज दिसतात, त्यांच्याकडे बघू नका. ती त्यांची कित्येक वर्षांची मेहनत आहे, आणि त्यांच्यातले शहाणे लोक उतरताना तुमच्याआमच्यासारखेच सावकाश येतात.

चढाबद्दल मी एवढंच सांगेन की पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू चाला. इतकं हळू, की मेहुण्यांशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. या वाटेवर ताक-दह्याचा हंडा घेऊन वर जाणाऱ्या एक मावशी मला बरीच वर्षं भेटायच्या. पायात साधी चप्पल, डोक्यावर ओझं, आणि आम्ही धापा टाकत दर वळणावर थांबायचो तेव्हा त्या न थांबता पुढे निघून जायच्या. त्यांची पावलं निरखून पाहिली तर एकेक पाऊल जेमतेम वीतभर पुढे पडायचं. उंच दगड आला की त्यावर चढण्याऐवजी त्या कडेने दोन लहान पायऱ्या शोधायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ढांगा टाकल्या का दम जातो, बाबा." चढण्याचं सगळं शास्त्र त्यात आलं.

छातीत दडपण, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, घाम आणि मळमळ एकत्र, यातलं काहीही झालं तर तिथेच बसायचं, वर जायचं नाही, १०८ ला फोन करायचा. "आता इतकं आलोय तर" हा विचार त्या क्षणी करायचा नाही. तुम्हाला रक्तदाब किंवा साखर आहे का ते लिहिलेलं नाही. असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

आता उतरणं, म्हणजे तुमचा गुडघा.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत तुम्हाला उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराला धरून ठेवतो, ब्रेकसारखा. या दुसऱ्या कामात स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा जास्त होते. गडावरून आल्यावर त्या दिवशी काही वाटत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं, ते याच कारणाने. आणि हा स्नायू दमला की पुढचा प्रत्येक धक्का थेट गुडघ्याच्या वाटीवर आणि सांध्यावर जातो. तुमचा गुडघा वाटेच्या कुठल्या टप्प्यात दुखायला लागला ते आठवून पाहा. बहुतेक शेवटच्या तिसऱ्या भागात असेल, पायथा दिसायला लागल्यावर. तसं असेल तर गुडघ्याच्या आधी मांडीने हात टेकलेत, असं समजायला हरकत नाही. मात्र गुडघ्याला सूज आली होती, तो मध्येच अडकत होता किंवा पाय लटपटून दगा देत होता, तर माझं ऐकू नका. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि मग पुढचं वाचा.

उपाय गमतीदार आहे. सगळे सांगतात जिने चढा. मी सांगतो, जिने उतरा. उतरण्याचा सराव एकदा बेताने झाला की स्नायू पुढचे काही आठवडे तशाच धक्क्याला बरंच चांगलं तोंड देतात. व्यायामशास्त्रात हे नीट तपासलेलं आहे, आणि ट्रेकर मंडळींना अनुभवाने ठाऊक आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत. आठवड्यातून दोनदा जा, चढा कसेही, पण उतरताना एकेक पायरी मनात 'एक-दोन' म्हणत, गुडघा किंचित वाकलेला ठेवून, पाय आपटू न देता उतरा. पहिल्या आठवड्यात तीन फेऱ्या पुरेत, महिन्याभरात सहा-सातपर्यंत न्या. ऑफिस सातव्या मजल्यावर असेल तर वर लिफ्टने जा आणि खाली जिन्याने या. लोक हसतील, हसू द्या.

गडावरून उतरताना पावलं आखूड, टाच न आपटता पूर्ण पाऊल टेकवायचं, वजन किंचित पुढे. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या खडीमुरमाच्या उतारावर, माणूस भीतीने मागे झुकतो आणि नेमका त्यामुळेच बसकण मारतो. या वाटेवर लाखो पावलांनी दगड गुळगुळीत झालेत आणि त्यावर मुरूम पसरलेला असतो, बेअरिंगच्या गोळ्या टाकल्यासारखा. दगडाच्या सपाट माथ्यापेक्षा दोन दगडांच्या बेचक्यात पाय ठेवावा. काठी न्याच. चढताना तिचं ओझं वाटेल, उतरताना ती तिसरा पाय होते. घडीची काठी असेल तर उतरताना पाच-सात सेंटिमीटर लांब करून घ्या. बूट निवडताना बोटांपुढे अर्धा इंच जागा हवी आणि उतरण्याआधी घोट्याजवळची लेस घट्ट बांधायला हवी, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. बुटाच्या किमतीपेक्षा तळव्याची नक्षी महत्त्वाची. निम्म्या महाराष्ट्राने 'अ‍ॅक्शन'च्या साध्या ट्रेकिंग बुटांवर किल्ले केलेत.

आणि पळायचं नाही. तरुण पोरं उड्या मारत उतरतात, छान दिसतं. ती विशीतली असतात, आणि त्यांच्यासमोरून आजोबा आणि नातू चढत असतात. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा डोंगरातला जुना रिवाज आहे. तो पुन्हा सगळ्यांना सांगायची वेळ आलीय.

पाणी माणशी दोन लिटर. वाटेत लिंबू सरबत, ताक, काकडी मिळते, पण सुट्टीचा दिवस नसेल आणि भल्या पहाटे निघाला असाल तर टपऱ्या उघडलेल्या असतीलच असं नाही. वाटेवर सावली फार कमी आहे. मार्च ते मे या महिन्यांत सूर्योदयाला तुम्ही अर्ध्या वाटेवर असायला हवं. मेच्या दुपारनंतर वळवाचे ढग जमायला लागले की वरच्या उघड्या पठारावर थांबू नका, विजा पडतात. पावसाळ्यात गड सुंदर असतो, पण पहिली खेप पावसात करू नये असं माझं मत आहे. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा तुमचा बेत योग्यच आहे. अत्तर, सुगंधी फवारे लावून जाऊ नका, कड्यांना आग्या मोहोळं असतात. आणि बसण्याआधी दगड बघून घ्या, हा प्रदेश घोणस आणि फुरशांचा आहे.

एक विषयांतर. आतकरवाडीच्या आसपासच्या ओढ्याकाठच्या झाडीत पक्षी बघणारे लोक दुर्बिणी घेऊन पहाटेपासून बसलेले दिसतील. ते 'सिंहगड व्हॅली' म्हणतात ती हीच. मी पंधरा वर्षं त्यांच्या शेजारून, गाणी वाजवत चढणाऱ्या स्पीकरवाल्यांना शिव्या देत गेलो आणि एकदाही थांबलो नाही. एकदा थांबलो आणि स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर शेपटीची फीत उडवत डोक्यावरून गेला. त्या दिवशी गड राहूनच गेला.

आता सायकल.

कोथरूडहून सिंहगड रस्त्याने जाण्यात मला शहाणपण दिसत नाही. वारजे, शिवणे, उत्तमनगर करत एनडीएच्या गेटजवळून या आणि धरणाखालच्या पुलावरून खडकवासल्याला पोचा. तिथून डोणजे, मग गोळेवाडीचा वनखात्याचा नाका. घाट तिथून सुरू होतो आणि गडाच्या वाहनतळापर्यंत साधारण नऊ किलोमीटर चालतो. कोंढणपूरकडून येणारा रस्ता वाटेत येऊन मिळतो. त्या फाट्यावर नवखे लोक थांबून फोटो काढतात, त्यांना वाटतं झालं. झालेलं नसतं.

गिअर पुरतील का? हा हिशेब घरी करता येतो. सायकलच्या पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात मोजा आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे मोजा. तुमच्यासारख्या तीन चकत्यांच्या हायब्रिडला बहुतेक वेळा पुढे २८ आणि मागे २८ किंवा जास्त असतात. दोन्ही सारखे असतील तर पेडलच्या एका फेरीत चाक एकदा फिरतं, म्हणजे सायकल साधारण २.१ ते २.२ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसात ते आठ किलोमीटर झाले. या वेगाने घाटाला सत्तर मिनिटांच्या आसपास लागतील, आणि तुमच्या वजनाला नवख्या माणसाने तो वेग टिकवणं हेच पुरेसं काम आहे. उलट, गिअर नसलेल्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दात असले तर एका फेरीत पाच मीटरच्या वर जावं लागतं. त्याच वेगाला पेडल मिनिटाला जेमतेम पंचवीस वेळा फिरेल, आणि प्रत्येक फेरीला उभं राहून सगळं वजन टाकावं लागेल. असं जाणारे आहेत, त्यांना नमस्कार. तुमच्या गुडघ्याने मात्र त्या वाटेला जायचं नाही. पाय भराभर फिरले आणि दम लागला तर चालेल. पाय जड झाले आणि दम लागलाच नाही, तर गिअर चुकलाय.

सीट उंच करा. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. दुकानातून आलेल्या निम्म्या सायकलींची सीट खाली असते आणि लोक पुढच्या गुडघ्याच्या दुखण्याला वय जबाबदार धरतात.

एकदम घाटात जाऊ नका. आधी जुना कात्रज घाट करा, तो त्यामानाने सोसवणारा आहे. मग बोपदेव. बोपदेव सायकलवरून न उतरता चढलात की सिंहगड होतो, असा आमचा अनुभव. आणि घाटात उतरून सायकल ढकलायला लागली तर लाज नाही. मी पहिल्या वेळी तीनदा उतरलो होतो. तिसऱ्या वेळी शेजारून गेलेल्या शाळकरी मुलाने "काका, पोचाल" म्हटलं होतं, ते अजून लागतं.

तर, वर पोचलात. वाहनतळावर फोटो झाला. आता जो भाग आहे त्यासाठी मी हे एवढं लांबण लावलंय.

तुमचं आणि सायकलचं मिळून ९७ किलो वजन तुम्ही साडेपाचशे मीटर वर नेलंत. ते खाली आणताना तेवढी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. हिशेब केला तर ती दीड लिटर थंड पाण्याला उकळी आणेल एवढी भरते. काही वारा घेतो, बाकीची तुमच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवून उतरलं तर ब्रेकची चकती किंवा चाकाची रिम तापत जाते, पॅडची पकड कमी होते, आणि नेमकं खालच्या वळणांना लिव्हर हँडलपर्यंत येते. म्हणून ब्रेक दाबायचा तो ठामपणे, दोन्ही एकदम, थोडा वेळ, मग पूर्ण सोडायचा. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, वेग उतरवायचा. वळणात शिरल्यावर ब्रेक नाही. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, वजन त्यावर, नजर वळणाच्या पलीकडे जिथे जायचंय तिथे. समोरच्या खड्ड्याकडे बघितलं की सायकल खड्ड्यात जाते, हे प्रत्येकाला एकदा पडल्यावर पटतं.

मला पटलं ते एका सप्टेंबरात. पाऊस उघडला होता, रस्ता कोरडा दिसत होता. एका डाव्या वळणात पावसाने वाहून आणलेला मुरूम पसरलेला होता, मी वेगात होतो आणि वळणात असताना घाबरून पुढचा ब्रेक दाबला. चाक खालून निघून गेलं, कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. दोष रस्त्याचा नव्हता. त्याच वळणावरून मी तासाभरापूर्वी वर गेलो होतो आणि तो मुरूम मला दिसला होता. तेव्हापासून चढताना मी उतरण्याचा रस्ता वाचतो. कुठे खडी आहे, कुठे झऱ्याचं पाणी आडवं वाहतंय, कुठे सावलीत शेवाळ धरलंय, कुठे खड्डा. ताशी आठ किलोमीटरने जाताना हे बघायला वेळच वेळ असतो.

वेग किती असावा? ताशी ४० ला तुम्ही सेकंदाला ११ मीटर जाता. काही दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद, आणि मग थांबायला लागणारं अंतर, असं कोरड्या सपाट रस्त्यावर मिळून पंचवीस मीटरच्या पुढे जातं. उतारावर त्याहून जास्त. ताशी २५ ला हेच अंतर साधारण निम्मं होतं. सिंहगडच्या कितीतरी वळणांवर पुढचे पंचवीस मीटर दिसतच नाहीत. पायथ्यापासून गडावर माणसं नेणाऱ्या जीपगाड्या रस्ता पाठ असल्यासारख्या येतात, वळण आतून कापतात. रविवारी नवशिक्या मोटारवाल्यांची भर, वर माकडं. नवख्याने ताशी २५ च्या वर जाऊ नये, आणि उजव्या वळणाला मधल्या रेषेच्या आत जाण्याचा मोह टाळावा. निघण्याआधी ब्रेक पॅड किती शिल्लक आहेत ते बघा, चाकाचे क्विक रिलीज, म्हणजे चाक झटकन सोडवायचे खटके, घट्ट आहेत का ते बघा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकाच सैल. मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू ठेवा, धुक्यात तो तुम्हाला वाचवतो. पावसाळ्यात दरडींमुळे घाट बंद ठेवला जातो तेव्हा नाक्यावर हुज्जत घालू नका.

मध्येच हात दुखायला लागले की थांबा. हात आखडले की ब्रेकवरची पकड जाते. थंडीच्या सकाळी एक पातळ विंडचीटर सोबत असू द्या. चढताना घामाने भिजलेला शर्ट उतारावर बर्फासारखा लागतो आणि बोटं बधिर होतात.

पायवाटेवरून सायकल उतरवायची कल्पना कुणी दिली तर नम्रपणे नाही म्हणा. माउंटन बाइक असली, तुम्ही कितीही तरबेज असलात, तरी ती वाट चालणाऱ्यांची आहे, आणि तीवरून दही-दूध डोक्यावर घेऊन जाणारी माणसं रोजगारासाठी चालतात. मातीतली सायकल चालवायची हौस असेल तर गर्दी नसलेल्या जागा पुण्याभोवती खूप आहेत.

आता मेहुण्यांची कल्पना. मला ती आवडली, खरं तर मला स्वतःला गड असाच आवडतो. कोथरूड ते आतकरवाडी पंचवीसेक किलोमीटर सायकल, मग पायी वर आणि खाली, मग परत पंचवीस. पण ही तिसरी खेप ठेवा. पहिली फक्त पायी, दुसरी फक्त सायकल, मग हे. कारण इथे दोन उतारांची बेरीज होते. गड उतरून थकलेल्या मांड्या घेऊन तुम्ही सायकलवर बसणार, पाय थरथरत असणार, आणि अकरा वाजता वारज्याच्या रहदारीत शिरणार. लक्ष विचलित झालेलं असतं, आणि शहरातला अपघात वळणावरच्या अपघातापेक्षा वाईट.

वेळ अशी बसते. पहाटे पाचला घर, साडेसहाला पायथा. गड चढण्याआधी सायकल एखाद्या टपरीवाल्याकडे किंवा तिथल्या एखाद्या घराच्या अंगणात, त्यांना थोडे पैसे देऊन, चांगल्या कुलपाने बांधून ठेवावी. दोघांच्या सायकली एकमेकींना बांधायच्या. सव्वाआठपर्यंत गड. पाऊण तास वर. दहा-सव्वादहाला खाली, आणि तिथे वीस मिनिटं नुसतं बसायचं. ही वीस मिनिटं लोक वाचवतात, तुम्ही वाचवू नका. पाय सरळ करा, मीठ-साखर घातलेलं सरबत घ्या, केळी खा. सायकलचे क्लीटवाले, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे, बूट घालून गड चढता येत नाही, तेव्हा साध्या बुटांतच सायकल चालवा. शनिवार जमत असेल तर रविवार टाळा. रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीला कणसं-भजीवाल्यांच्या भोवती जी गाड्यांची दाटी होते, ती बघून चालत जाणारे बरे असं वाटतं.

खाण्याबद्दल. गडावर गेलात आणि पिठलं-भाकरी खाल्ली नाही, तर घरी विचारतील. खा, पण उतरणार असाल तर अर्धी भाकरी आणि मडक्यातलं दही, कांदाभजी एकट्याने एक प्लेट नाही. भरल्या पोटी उतार सुस्तीचा असतो, सायकलवर तर फारच. मी स्वतः दही खातो आणि भाकरी बांधून घेतो. वरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या खाली आणा, हे तुम्हाला सांगायची गरज नसावी.

पौर्णिमेच्या रात्री कात्रज ते सिंहगड चला असं कुणी ना कुणी तुम्हाला म्हणेलच. जुन्या कात्रज बोगद्याच्या वरून सुरू होऊन टेकड्यांमागून टेकड्या चढत-उतरत सिंहगडच्या घाटरस्त्यावर निघतो तो ट्रेक. टेकड्या तेरा की सोळा यावर वाद घालणं हा त्या ट्रेकचा भाग आहे. वाटेत पाणी नाही, आणि तो चढापेक्षा उतारांचाच ट्रेक आहे, रात्रीच्या घसाऱ्यावरचा. पर्वतीच्या पायऱ्यांचा महिना झाला, गड दोनदा विनातक्रार उतरून झाला, की खुशाल जा. तोवर नको.

कल्याण दरवाजाची वाट मात्र एकदा करा. गडाच्या पायथ्याच्या कल्याण गावाकडून चढणारी, गर्दी नसलेली, जास्त शांत. पण तिथे टपऱ्या नाहीत, मदत लवकर मिळत नाही, म्हणून दोघांनी मिळून जा आणि घरी सांगून जा.

आणि कुलपाची किल्ली चेन असलेल्या खिशात ठेवा. आमच्यातल्या एकाने ती वर, दह्याच्या मडक्याशेजारी ठेवली आणि सायकलपाशी आल्यावर खिसे चाचपले. तो त्या दिवशी गड दोनदा चढला. दुसऱ्यांदा उतरून आला तेव्हा सायकलवर बसायच्या आधी आम्ही सांगायच्या आतच पाऊण तास आडवा झाला.